मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची श्रवणपातळी एकसारखी कशी करावी

ग्वाल्हेरमधील अनेक मराठी घरांत घरगुती मैफलींच्या जुन्या कॅसेट जपून ठेवलेल्या आहेत. त्या संगणकावर उतरवून ओळीने ऐकू लागले, की एका मैफलीला आवाज वाढवावा लागतो आणि दुसरीला घाईने कमी करावा लागतो. अशा वेळी बहुतेक जण ध्वनिसंपादनातील ‘नॉर्मलाइज’ची आज्ञा देतात, परंतु ती केवळ आवाजाचे सर्वोच्च शिखर पाहते, आणि मायक्रोफोनजवळ वाजलेली एक टाळीदेखील ते शिखर ठरू शकते.

कानाला जाणवणारी पातळी एलयूएफएस या एककात मोजतात. त्यामागचे मापन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये बीएस 1770 या शिफारशीत मांडले. युरोपीय प्रसारणात −23 ही पातळी पाळतात, तर पॉडकास्टसाठी ॲपल −16 सुचवते.

मूळ वेव्ह फाइल वेगळी जपावी आणि कामासाठी प्रत घ्यावी. यूलीन लाउडनेस मीटरसारख्या मापकातून प्रत्येक मैफल आरंभापासून अखेरपर्यंत वाजवून तिची सरासरी पातळी व ट्रू पीक (म्हणजे आवाजाचे खरे सर्वोच्च शिखर), हे दोन्ही आकडे वहीत लिहावेत. समजा, पातळी −30 आणि शिखर −5 आहे. ती −23 वर आणायची तर 7 डेसिबल वाढवावे लागतील, शिखर शून्याची कमाल मर्यादा ओलांडून +2 वर जाईल आणि आवाज फाटेल. शिखर −1 च्या आत राखायचे असल्यास 4 डेसिबलच वाढवता येतात, म्हणजे पातळी −26 होते. असा हिशेब प्रत्येक मैफलीचा करून जी सर्वांत कमी पातळी निघेल, तीच संपूर्ण संग्रहासाठी ठरवावी. ऐकताना आवाजाची कळ थोडी अधिक फिरवावी लागेल, पण गायन शाबूत राहील. याच कारणासाठी आवाजातील चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. विलंबितातील संथ बढत आणि जोरकस तान यांच्यातील अंतर हा ख्यालाचाच भाग आहे.

विलंबित आणि द्रुत यांच्या फाइल वेगवेगळ्या असतील, तर त्या स्वतंत्रपणे समान करू नयेत, अन्यथा द्रुताचा चढता जोर नाहीसा होतो. संपूर्ण मैफल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रणालीत एकाच ट्रॅकवर जोडावी, ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मध्ये ठरवलेला आकडा द्यावा आणि त्यानंतरच तिचे तुकडे करावेत. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा ट्रॅक असल्यास तो दोन्ही स्पीकरमधून वाजेल असे धरून मोजणारा तेथील ‘ड्युअल मोनो’चा पर्याय सर्व मैफलींसाठी एकसारखाच ठेवावा, कारण त्याने मोजमापात सुमारे 3 डेसिबलचा फरक पडतो. निर्यात केलेली प्रत मापकातून पुन्हा एकदा वाजवून दोन्ही आकडे पडताळावेत.