गुदिना तुम्सा, बारो तुम्सा अन् मेरेरा गुदिना: ओरोमो नावांचा गुंता कसा सोडवायचा

आमच्या अभ्यासिकेतले पोट्टे इथिओपियाच्या नोट्स काढतात आणि दोन ठिकाणी तुम्सा दिसलं की लिहून मोकळे, "तुम्सा घराणं". काऊन, तर आपल्याकडे देशमुख म्हटलं की वाडा आला, भाऊबंदकी आली. तिकडे तसं नाही बाप्पा. ओरोमो हा इथिओपियातला सगळ्यात मोठा समाज, पण आडनाव ही भानगडच नाही त्यांच्यात. पहिलं नाव माणसाचं, दुसरं बापाचं, तिसरं कोणी लिहिलंच तर आजोबाचं. मतदार यादीत आडनाव झाकून फक्त नाव आणि वडिलांचं नाव वाचा, झालं.

तर आधी वहीत तीन रकाने पाडा. माणूस, बाप, काम. पहिल्या ओळीत गुदिना, बाप तुम्सा, काम धर्माचं. पश्चिम इथिओपियातल्या वोलेगा भागातल्या बोजीचा १९२९ चा जन्म, १९६६ पासून मेकाने येसुस या लुथरन चर्चचे जनरल सेक्रेटरी, आणि माणूस असा की पोटाला भाकर अन् देवाचं वचन वेगळं काढू नका हे परदेशातल्या पैसे देणाऱ्या चर्चवाल्यांनाही सुनावणारा. मेंगिस्तूच्या दर्ग राजवटीला, म्हणजे तिथल्या लष्करी सरकारला, ते खुपलेच. देश सोडून जायची सोय झाली होती, टांझानियाचे राष्ट्रपती न्येरेरे यांनी मदत केली होती, पण हे गेले नाही. २८ जुलै १९७९ ला अदिस अबाबातल्या उराएल चर्चमधून निघाले तसं उचललं आणि मारून टाकलं. १९९१ ला राजवट पडली, त्याच्यानंतर कुठे मृतदेहाचा पत्ता लागला.

दुसऱ्या ओळीत बारो, बाप तोच तुम्सा, म्हणजे सख्खा धाकटा भाऊ. काम राजकारण, ओरोमो लिबरेशन फ्रंट ही ओरोमोंच्या हक्कासाठी लढणारी संघटना उभी करणाऱ्यांतला एक. इथे दुसरं नाव सारखं निघालं ते बाप एक म्हणून, घराणं म्हणून नाही.

आता मेरेरा गुदिना. हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक, ओरोमो फेडरलिस्ट काँग्रेसचे नेते, डिसेंबर २०१६ पासून जानेवारी २०१८ पर्यंत जेलात होते. पोट्टे लगेच वहीत बाप-लेकाचा बाण काढतात, गुदिना तुम्साचा पोरगा! नाही ना. त्यांचा बाप दुसराच गुदिना. म्हणून बाप-लेकाचा बाण मारायच्या आधी बापाचंही पूर्ण नाव शोधा, जन्मगाव जुळते का पाहा.

उलटा प्रकारही लय फसवतो. नेगासो गिदादा १९९५ ते २००१ इथिओपियाचे राष्ट्रपती. त्यांचे वडील गिदादा सोलोन, डेंबी डोलोकडले अंध धर्मोपदेशक. बाप धर्मात, पोरगा राजकारणात, अन् दोघांचं दुसरं नाव वेगळं! यादीत आडनाव शोधत बसला तर ही जोडी कधीच सापडत नाही.

बायांचं तर अजून सोपं, लग्नानं नाव बदलत नाही. गुदिना तुम्सांच्या पत्नी त्सेहाय तोलेसा, त्यांनीही जवळपास दहा वर्षं जेल काढली, पण तुम्सा म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही.

मोबाईलवर शोधताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि शेवटचा ए एकदा टाकून पाहा, मग दोनदा, कारण ओरोमो भाषाही इंग्रजी अक्षरांतच लिहितात, पण लांब स्वर डबल लिहितात आणि इंग्रजीवाले एकच टाकतात. साल जुळत नसेल तर लगेच खोडू नका, इथिओपियाचं कॅलेंडर सात-आठ वर्षं मागे चालते, म्हणजे तो जुलै १९७९ तिकडच्या कागदावर १९७१ दिसन.

आणि यादी अकारविल्हे लावायची तर पहिल्या नावानंच लावा. गुदिना ग मध्ये, बारो ब मध्ये. दुसऱ्यांदा उल्लेख करतानाही नुसतं तुम्सा लिहू नका, तो त्यांचा बाप झाला, गुदिनाच लिहा, तिकडचे पेपरवालेसुद्धा पंतप्रधान अबी अहमद यांना अबी म्हणतात, अहमद नाही.