कॉर्डचं नाव जाड्या तारेला विचारू नका

गिटारवर डी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) वाजवताना एकदा माझा अंगठा मानेवरून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीने आखलेल्या घरात) जाऊन बसला. आवाज भलताच आवडला. सगळ्यात खाली एफ शार्प, म्हणून वहीत 'एफ शार्प काहीतरी' असं लिहिलं आणि वर्षभर तेच धरून बसलो.

शेप, म्हणजे बोटांची मांडणी, बघून नाव देऊ नका. आधी प्रत्येक तारेवर कोणता स्वर वाजतोय ते लिहा. मोकळ्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई. पुढे दर फ्रेटला एक सेमीटोन, म्हणजे स्वरांमधलं सगळ्यात छोटं अंतर. माझ्या शेपमध्ये निघाले एफ शार्प, ए, डी, ए, डी, एफ शार्प. परत आलेले खोडले की उरतात तीनच.

आता ते असे लावा की मधलं एकेक अक्षर सुटेल (जीनंतर पुन्हा ए). एफपासून एफ, ए, मग सी हवा, नाही. एपासून तर लगेचच सी लागतो, तोही नाही. डीपासून डी, एफ शार्प, ए. बसलं! रूट, म्हणजे ज्याच्यावरून कॉर्डला नाव मिळतं तो स्वर, डी. डी ते एफ शार्प ४ सेमीटोन, म्हणून मेजर. ३ असते तर मायनर. डी ते ए ७ भरतात ना, तेही मोजा.

तळाला एफ शार्प, म्हणजे थर्ड, रूटपासून मोजून तिसरं अक्षर. रूट सोडून कॉर्डमधला दुसरा स्वर तळाला आला की ते इन्व्हर्शन. हे पहिलं, डी स्लॅश एफ शार्प: आधी कॉर्ड, स्लॅशनंतर तळाचा स्वर. फिफ्थ तळाला असेल तर दुसरं, सेव्हन्थ असेल तर तिसरं. वरचे स्वर कितीही उलटसुलट असोत, त्यांना इथे मत नाही. नेहमीच्या सी कॉर्डला सहावी तार मोकळी वाजली की सी स्लॅश ई, तिच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की सी स्लॅश जी. मात्र सी स्लॅश डी हे इन्व्हर्शन नव्हे. सीच्या कॉर्डमध्ये डी नाहीच.

सी, ई, जी, ए हे चार निघाले तर? ए मायनर सेव्हन्थ म्हणा किंवा सी सिक्स्थ. सोबत बास गिटार असेल तर ती कोणत्या स्वरावर उभी आहे ते ऐका, निम्मा वाद तिथेच मिटतो.

डिमिनिश्ड सेव्हन्थ या चार स्वरांच्या कॉर्डमध्ये स्वर ३-३ सेमीटोनवर असतात. तोच शेप ३ फ्रेट सरकवला तरी तेच चार स्वर, त्यामुळे रूट कुणालाही म्हणता येतं. तिथे मी पुढची कॉर्ड बघतो. ए मायनर येणार असेल, तर जी शार्प डिमिनिश्ड सेव्हन्थ लिहून मोकळा होतो.