ग्रँटच्या फॉर्ममध्ये आधी वस्तू लिहा

इंदूरच्या माझ्या मावसभावाला अजिबात दिसत नाही, त्याने एका छोट्या ग्रँटसाठी "संगीतात करिअर करायचंय, मदत करा" एवढंच लिहिलं, उत्तरच नाही आलं. दुसऱ्यांदा राजवाड्याजवळच्या दुकानातून हार्मोनियमचं कोटेशन आणलं, शिकवण्या कधीपासून, किती मुलं, सगळं लिहिलं, आणि पैसे मिळाले!

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधीच काढून ठेवा. डॉक्टरांकडून नजरेचा आकडा लिहूनच घ्या, नुसतं 'अंध' नको, कारण अंध कोणाला म्हणायचं ते देशागणिक बदलतं: आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याने चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी दिसलं (म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसलं नाही) तर अंधत्व, अमेरिकेत मात्र २०/२०० पासूनच (इतरांना दोनशे फुटांवरून दिसतं ते वीस फुटांवरून दिसलं तरी) धरतात. आणि स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, पैसे कशाला मागायचे, एनव्हीडीए नावाचं फुकट आहे की. फक्त ऑनलाइन फॉर्ममधल्या कॅप्चासाठी (चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाईप करायची असतात ते) कोणीतरी शेजारी बसवा, तिथेच सगळं अडतं.