आईबाबांचा अबोला आणि लेकरं: या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात अख्खं घर एका कुलरसमोर झोपतं. तिथं नवरा-बायकोचा अबोला लपेल कसा? तरी पुष्कळ पालक धरून चालतात की आवाज चढवला नाही, म्हणजे पोरांना काही कळलं नाही. सगळ्यात मोठी चूक हीच.

पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये भावनिक सुरक्षिततेचा सिद्धांत मांडला. आईबाबा भांडतात तेव्हा आपलं घर शाबूत राहील ना, ही मुलाची खरी काळजी असते. भांडण मिटलेलं दिसलं की त्याची अस्वस्थता बरीच ओसरते. आपल्याकडे मात्र भांडण पोरांसमोर होतं आणि समेट रात्री, ती झोपल्यावर. म्हणून सकाळी त्यांना सांगा, "काल आमचं वाजलं, आता बोलून झालं. तुझ्यामुळे नव्हतं." मिटलं नसेल तर खोटं बोलू नका. "अजून बोलतोय आम्ही," एवढं पुरे.

"बाबाला सांग, जेवण वाढलंय," असा निरोप्या लेकराला करू नका. कोणाची बाजू घ्यायची, या पेचात ते अडकतं.

बायकोवरचा राग गणिताच्या वहीवर निघतो, हे तर घरोघरी दिसतं. बुटीबोरीहून ड्युटी करून आलेला बाप असो की दिवसभर राबलेली आई, इथं मानसिक लवचिकता कामी येते. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकापासून घडवलेल्या 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' या उपचारपद्धतीचा हा गाभा आहे. राग आलाय हे मान्य करायचं, तो दाबायचा नाही, पण तो सांगेल तसं वागायचंही नाही. वही उघडण्याआधी स्वतःला विचारा, हा राग नेमका कोणावरचा? मग मुलाला म्हणा, "मी चिडलोय, तुझ्यावर नाही. दहा मिनिटांनी बसू." दहा मिनिटांनी खरंच बसा. नाहीतर पुढच्या वेळी पोरगं विश्वास ठेवणार नाही.

"पोरांसाठी जुळवून घे" हा सल्ला मात्र मला घातक वाटतो, विशेषतः घरात मारहाण असेल तेव्हा. मार सोसणं म्हणजे लवचिकता नव्हे. अशा वेळी महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या हेल्पलाइन आहेत. मन थकलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे.