डायनॅमिक टेबलचा टार्गेट लॅग: फक्त शेवटच्या टेबलला द्या

स्नोफ्लेक या क्लाउड डेटा प्लॅटफॉर्मवर एकावर एक डायनॅमिक टेबलं (ठरलेल्या क्वेरीवरून आपोआप ताजी होत राहणारी टेबलं) रचताना बरेच जण प्रत्येकाला ‘टार्गेट लॅग १ मिनिट’, म्हणजे डेटा जास्तीत जास्त एवढाच जुना चालेल, असं देऊन मोकळे होतात. तसं करू नका, वेअरहाउस (क्वेरी चालवणारी संगणकशक्ती) दिवसभर जागं राहतं आणि क्रेडिट (ज्यांवर बिल ठरतं ती एककं) जळत राहतात. रिपोर्ट जिथून वाचला जातो त्या शेवटच्या टेबललाच खरा लॅग द्या. सकाळी दहाला एकदाच बघायच्या विक्रीच्या आकड्यांना एक तासही पुरतो. मधल्या सगळ्यांना ‘डाउनस्ट्रीम’ लिहा, म्हणजे पुढच्याला गरज पडेल तेव्हाच ती रिफ्रेश होतील. मात्र शेवटचं टेबलही चुकून ‘डाउनस्ट्रीम’ राहिलं, तर आपोआप काहीच हलत नाही, आणि एररही येत नाही! हे मी स्वतः अर्धा दिवस शोधत बसलो होतो.

आणखी एक. रिफ्रेश मोड ‘ऑटो’ ठेवलात, तर रिफ्रेश इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला डेटा) की फुल (सगळं पुन्हा), हे टेबल तयार होतानाच ठरतं. म्हणून लगेच ‘शो डायनॅमिक टेबल्स’ चालवा आणि ‘रिफ्रेश मोड रीझन’ हा कॉलम वाचा. क्वेरीतल्या कशामुळे इन्क्रिमेंटल जमलं नाही, ते तिथेच कळतं.