रोजच्या गाडीसाठी ब्रेक डिस्क कशी निवडावी

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले की गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते, ‘डिस्क वाकली आहे, बदलून टाका.’ डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ओतीव लोखंडाची चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून गाडी थांबवतात. ती खरोखर वाकल्याची उदाहरणे फार थोडी असतात. बहुतेक वेळा ती एका बाजूला थोडी जास्त झिजलेली असते, तिच्यावर पॅडचा थर असमान चिकटलेला असतो, किंवा ती ज्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर, बसते त्या हबवरच गंज असतो. म्हणून नवी डिस्क निवडण्याआधी जुनी मोजावी. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि पुढचा खर्च योग्य ठिकाणी होतो की नाही, हे त्यावरच ठरते.

चाक काढल्यावर डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर ‘मिन टीएच’ अशी अक्षरे आणि पुढे मिलिमीटरमध्ये एक आकडा बहुधा कोरलेला सापडतो. डिस्कने या जाडीच्या खाली जाऊ नये, असा त्याचा अर्थ आहे. तो गंजाने पुसला गेला असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. मोजताना एक चूक हमखास होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नसल्यामुळे तेथे न झिजलेला काठ उरतो, आणि जाडी मोजायचा साधा व्हर्नियर त्या काठावरच टेकल्याने डिस्क आहे त्यापेक्षा जाड भासते. मायक्रोमीटर, म्हणजे टोकदार जबड्याचे अधिक बारीक मापाचे साधन, नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक सारखे नाणे धरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. जाडीतील असमानता शोधायची असेल तर मात्र मायक्रोमीटरच हवा आणि गोलाकार सहा ते आठ ठिकाणी मोजायला हवे, कारण एका मिलिमीटरच्या दोन शतांश भागाएवढा फरकही पॅडलखाली जाणवू शकतो. जाडी पुरेशी असून पृष्ठभाग तेवढा खराब असेल तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग किंचित कापून सपाट करून, घेण्याचा मार्ग आहे. परंतु फेस मारल्यानंतरची जाडी किमान आकड्याच्या वर, झिजेला जागा राहील इतकी, उरणार असेल तरच तो पत्करावा. डिस्कवर खोल तडा दिसला तर मोजमाप बाजूला ठेवून ती बदलावी.

आता नवी डिस्क. दुकानात केवळ गाडीचे नाव सांगून डिस्क मागू नये. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत डिस्कचा व्यास, जाडी किंवा टोपीची उंची वेगळी असू शकते. मी एकदा अशी नावावर डिस्क आणली. ती हबवर नीट बसली, पण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग, तिच्यावर चढेना, आणि गाडी दोन दिवस जॅकवर राहिली. तेव्हापासून मी चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतो आणि जुनी डिस्क सोबत नेतो. व्यास, जाडी, एकूण उंची, मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टची भोके ही पाचही मापे जुळली पाहिजेत.

डिस्क भरीव की हवेशीर, हा निर्णय आपल्याकडे नसतो. कंपनीने जी दिली तीच घ्यावी. दोन चकत्यांमध्ये हवा खेळवणारी व्हेंटिलेटेड डिस्क पुढच्या चाकांना का देतात, हे कन्नड घाट उतरून चाळीसगावला येताना किंवा तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना समजते. 1000 किलोची गाडी 100 मीटर उंची उतरली की सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. ती सगळी पाच-पाच किलोच्या पुढच्या दोन डिस्कनीच घेतली आणि हवेने त्यांना अजिबात थंड केले नाही असे धरले, तर त्या जवळपास 200 अंशांनी तापतील. म्हणून घाटात खालचा गिअर ठेवावा, आणि म्हणूनच वजनाला हलकी, दोन चकत्यांमधले पंखे (पट्ट्या) पातळ असलेली स्वस्त डिस्क घेऊ नये, कारण उष्णता साठवायला तिच्यात धातूच कमी असतो. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हाचा डिस्कवर परिणाम होतो का, असे मला विचारले जाते. घाटातील या तापापुढे त्याचा वाटा किरकोळ आहे. उतारावर पॅडल मऊ पडून खाली जात असेल तर संशय आधी जुन्या, ओलावा शोषलेल्या ब्रेक ऑइलवर घ्यावा. तो दोष नवी डिस्क लावून जाणार नाही.

भोके पाडलेल्या किंवा चर कोरलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असतात, पण रोजच्या गाडीला मी त्या कधीच सुचवणार नाही. भोकांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात, चर पॅड लवकर खातात, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे जाणाऱ्या पाणंदीत पावसाळ्यात गाडी घातली तर काळ्या मातीचा चिखल त्या भोकांत जाऊन बसतो. त्याच पैशांत टोपीवर आणि कडेवर गंजरोधक लेप असलेली साधी डिस्क घ्यावी. घासणाऱ्या भागावरचा लेप पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो, ते स्वाभाविक आहे. बाकीचा लेप मात्र डिस्क हबला गंजून चिकटण्यापासून वाचवतो. कंपनीचा मूळ पार्ट किंवा मूळ कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा पार्ट, दोन्ही चालतील. खोक्यावर पार्ट नंबर आणि डिस्कवर किमान जाडी नसलेला माल मात्र परत करावा.

डिस्क नेहमी एका धुरीवरच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलाव्यात आणि पॅडही नवेच घालावेत, कारण जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात. बसवण्यापूर्वी हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. नव्या डिस्कनेही थरथर कायम राहिली, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच असते. डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने, सांगितलेल्या मापाने आवळावेत. त्यानंतर नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट जुळावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने आणि मध्ये थोडे थंड होऊ देत, आठ-दहा वेळा वेग कमी करावा. तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून गाडी उभी ठेवू नये, कारण त्या जागी पॅडचा थर चिकटून थरथर पुन्हा सुरू होऊ शकते. सुमारे 100 किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासावेत, आणि नव्या डिस्कची जाडी व त्या दिवशीचे किलोमीटर बिलाच्या मागे लिहून ते बिल गाडीतच ठेवावे.