जगभरच्या इंग्रजींवर काम करायचंय? मग 'मातृभाषेचा प्रभाव' हे उत्तर शेवटी ठेवा

भाषाविज्ञानात एमए करताय, किंवा इंग्रजी साहित्य करून इकडे वळताय आणि आयर्लंड, सिंगापूर, जमैका, भारत इथल्या इंग्रजी अशा वेगवेगळ्या का झाल्या यावर डिझर्टेशन करायचं मनात आहे, तर हे तुमच्यासाठी. काचरूंनी जगभरच्या इंग्रजींची मांडलेली तीन वर्तुळं, नवी इंग्रजी घडण्याचे श्नायडरचे पाच टप्पे, पिजिन (संपर्कातून झालेली कामचलाऊ भाषा) कशाला म्हणायचं आणि क्रिओल (ती पुढच्या पिढीची मातृभाषा झाली की) कशाला, हे कुठल्याही नोट्समध्ये मिळेल, ते मी परत लिहीत बसत नाही. मला एकाच खड्ड्याबद्दल सांगायचंय, कारण त्यात मी पडले होते आणि अजूनही दरवर्षी नवीन मुलं त्याच खड्ड्यात पडताना बघते. त्यांना बघून जीव तुटतो, कारण मेहनत खरी असते, डेटा खरा असतो, फक्त निष्कर्ष उभा राहत नाही.

खड्डा असा. तुम्हाला एखाद्या ठिकाणच्या इंग्रजीत वेगळी रचना सापडते. तिथल्या स्थानिक भाषेत तशीच काहीतरी रचना दिसते. तुम्ही लिहिता, 'हा मातृभाषेचा प्रभाव'. चॅप्टर संपला. गाईड पण मान डोलवतात. आणि हे साम्य म्हणजे पुरावा नसतो, हे कुणीच सांगत नाही.

माझा विषय मराठी भाषकांची इंग्रजी हा होता आणि त्यात 'आय अ‍ॅम नोइंग हिम', 'शी इज हॅविंग टू ब्रदर्स' अशी वाक्यं भरपूर होती. मराठीचा प्रभाव असं लिहून मी मोकळी झाले. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं की स्थितिवाचक क्रियापदांना, म्हणजे 'नो', 'हॅव' अशी क्रिया नाही तर स्थिती सांगणाऱ्यांना, आयएनजी लावणं नायजेरियातही ऐकू येतं, तिथे मराठी कुठून गेली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मराठीकडे नीट बघितलं असतं तर मलाच कळलं असतं, कारण आपण 'मी त्याला ओळखतो' म्हणतो, 'ओळखतोय' असं सहसा म्हणत नाही. 'तिला दोन भाऊ आहेत' म्हणतो. म्हणजे मराठीतून सरळ उचललं असतं तर उलट 'आय नो हिम' हेच यायला हवं होतं! हिंदीची गोष्ट जरा वेगळी आहे, 'जानता हूँ' मध्ये अपूर्ण क्रियेचा प्रत्यय आणि वर सहायक क्रियापद असं दोन्ही असतं, तिथून काही धागा निघू शकतो. भाषाशास्त्रज्ञ देवयानी शर्मांनी भारतीय आणि सिंगापुरी इंग्रजी शेजारी ठेवून केलेली तुलना यासाठी जरूर वाचा, नुसत्या 'प्रभाव' या शब्दाच्या पलीकडे जाऊन काम कसं करतात ते तिथे दिसतं. पण ते 'धागा निघू शकतो' आणि 'सिद्ध झालं' यातलं अंतर चालून जावं लागतं, आणि ते चालायला वेळ लागतो.

म्हणून माझा आग्रह असा की कुठल्याही ठिकाणच्या इंग्रजीवर काम करायचं असो, आधी काही आठवडे आयर्लंडवर घालवा. इतका चांगला सराव दुसरीकडे होत नाही असं माझं ठाम मत आहे. तिथे एकाच बेटावर प्रत्येक प्रकारचं उदाहरण मिळतं.

पहिलं बघा. 'आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग माय डिनर', म्हणजे माझं नुकतंच जेवण झालंय. आयरिश भाषेत हे सांगायला अक्षरशः 'नंतर' या अर्थाचा शब्द घालून वाक्य करतात. इंग्लंडमधल्या बोलींत ही रचना या अर्थाने नाही. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर मिळते, जिथे आयरिशची बहीण गेलिक बोलली जाते, आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये मिळते, जिथे आयर्लंडच्या आग्नेय भागातून माणसं जाऊन राहिली. म्हणजे गेलिक भाषा किंवा ती पाठीशी असलेली माणसं जिथे आहेत तिथे रचना आहे, नाहीत तिथे नाही. हा भक्कम पुरावा. इथे तुम्ही छाती ठोकून प्रभाव लिहू शकता. तरी यातही एक गाठ आहेच, १७व्या-१८व्या शतकातल्या नाटकांत आयरिश पात्रांच्या तोंडी हेच 'आफ्टर' बऱ्याचदा भविष्यकाळाच्या अर्थाने येतं आणि त्याचं काय करायचं यावर अभ्यासकांचे वाद झालेत. तेव्हा भक्कम केस पण एका पानात संपत नाही.

दुसरं, 'आय हॅव द लेटर रिटन'. आयरिशमध्ये याला शब्दशः 'आहे पत्र लिहिलेलं माझ्यापाशी' असं म्हणतात. सुंदर जुळतं ना? पण कर्म मध्ये आणि कृदंत शेवटी ही रचना जुन्या इंग्रजीतही होती आणि आयर्लंडमध्ये जे वसाहतवाले आले ते आपल्या काळची इंग्रजी घेऊन आले. मग आयरिशमधून आली की इंग्लंडमधून टिकून राहिली? बहुतेक दोन्हींनी एकमेकांना आधार दिला, इंग्लंडमध्ये मागे पडलेली रचना इथे टिकली कारण शेजारच्या भाषेत तिच्यासारखी दुसरी उभी होती. आणि गंमत बघा, 'माझं पत्र लिहून झालंय' हे आपल्या मराठीतही त्याच्याजवळ जातं, 'माझ्याकडे आहे' असंच आयरिश माणूसही म्हणतो, त्यांच्याकडेही 'हॅव' ला थेट क्रियापद नाही. मराठी आणि आयरिशचा काही संपर्क आला होता का? नाही. साम्य असं कुठेही सापडतं, म्हणूनच त्याच्यावर विसंबू नका म्हणते.

तिसरं सगळ्यात अवघड, 'ही डझ बी वर्किंग', म्हणजे तो नेहमी काम करत असतो. आयरिशमध्ये नेहमीच्या क्रियेसाठी 'असणे' चं वेगळं रूप आहे. पण इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या बोलींमध्ये जोर न देता वापरलेलं 'डू' होतं. आणि बार्बाडोस, गयाना या कॅरिबियन भागातही नेहमीच्या क्रियेला 'डझ' लागतं. १७व्या शतकात बार्बाडोसला आयरिश मजूर करारावर, काही तर जबरदस्तीने नेले होते, नैऋत्य इंग्लंडमधलेही गेले होते, आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या भाषांतही नेहमीची क्रिया वेगळी दाखवायची पद्धत होती. आता सांगा कुणाचा प्रभाव! इथे एका भाषेचं नाव लिहून मोकळं होणाऱ्या माणसाने जहाजांचा इतिहास वाचलेलाच नाही असं मी समजते.

हो, जहाजांचा इतिहास. आपल्याकडे भाषाविज्ञानवाल्यांना इतिहासाचा कंटाळा असतो आणि तो महागात पडतो. आयर्लंडमध्ये १८३१ ला राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, १८४५ पासून मोठा दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली, आणि १८५१ च्या जनगणनेत पहिल्यांदा आयरिश बोलणाऱ्यांची नोंद झाली तेव्हा ते जेमतेम पंधरा लाख, म्हणजे चौथा हिस्सापण नाही. लोक भराभर इंग्रजीकडे जात होते, आणि ती इंग्रजी बरेचजण इंग्रज माणसाकडून शिकतच नव्हते, शेजारच्या आयरिश माणसाकडून शिकत होते जो स्वतःच नुकता शिकलेला. भाषासंपर्काचे अभ्यासक थॉमसन आणि कॉफमन यांनी १९८८ मध्ये जो फरक मांडला तो इथे लख्ख दिसतो. माणसं आपली भाषा सोडून दुसऱ्या भाषेत जातात तेव्हा उच्चार आणि वाक्यरचना सोबत नेतात, शब्द फार नेत नाहीत. आणि आपली भाषा ठेवून दुसऱ्या भाषेतून उसनं घेतात तेव्हा आधी शब्द येतात, आपण टेबल, स्टेशन, पेन घेतलं तसं. आयरिश इंग्रजीत आयरिश शब्द त्या मानाने कमी आणि व्याकरण इतकं खोलवर आयरिश का, याचं उत्तर त्या काळात आहे, ते नुसत्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

सिंगापूरला गेलात तरी तेच. 'आय ईट ऑलरेडी' मधलं 'ऑलरेडी' हॉक्कियन या चिनी बोलीतल्या, क्रिया पूर्ण झाली हे दाखवणाऱ्या शब्दासारखं चालतं, 'केना स्कोल्डेड' (ओरडा खावा लागला) मधलं 'केना' सरळ मलायमधलं आहे आणि मुख्यतः वाईट गोष्ट वाट्याला आली तरच वापरतात, हा बारकावासुद्धा मलायचाच. पण वाक्याच्या शेवटी लावतात तो 'ला' कुठून आला, मलायमधून की चिनी बोलींमधून, यावर अजून एकमत नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात, सिंगापूरच्या जुन्या इंग्रजी शाळांमधले बरेच शिक्षक भारत आणि सिलोनमधून आलेले किंवा स्थानिक युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या) समाजातले होते. मुलांच्या कानावर पडणारी इंग्रजी लंडनची नव्हतीच. 'मूळ इंग्रजी' म्हणून तुम्ही आजचं ब्रिटिश व्याकरणाचं पुस्तक शेजारी ठेवून तुलना करत असाल तर तुलनाच चुकीच्या गोष्टीशी चाललीये. कुठली इंग्रजी, कुठल्या वर्षी, कुणाच्या तोंडून पोचली हे आधी शोधा. आपल्याकडचं 'डू द नीडफुल' हे भारतीय समजून हसतात लोक, ते जुनं ब्रिटिश आहे, तिकडे मागे पडलं इकडे राहिलं, एवढंच.

आता कामाचं. ईवेव्ह नावाचा इंग्रजी प्रकारांचा ऑनलाइन अ‍ॅटलास आहे, फुकट आहे, त्यात २३५ व्याकरणिक वैशिष्ट्यं आणि सत्तरहून जास्त प्रकार आहेत. तुमचं वैशिष्ट्य तिथे टाका आणि नकाशा बघा. अर्ध्या जगात दिसलं तर ते बहुधा तुमच्या भाषेचं एकटीचं देणं नाही, दुसरी भाषा शिकताना माणसाचं डोकं कसं चालतं त्याच्याशी संबंध असू शकतो. कुठल्याही वाक्याच्या शेवटी 'इजन्ट इट' लावणं हे तसंच, त्याला आपलं 'ना' कारण म्हणाल तर वेल्स आणि सिंगापूरचं काय करणार? उलट 'आय अ‍ॅम लाइक दॅट ओन्ली' मधलं शेवटी येणारं 'ओन्ली' तपासा, तिथे आपला 'च' आणि हिंदीचा 'ही' यांची केस बरीच जास्त चांगली उभी राहते. सगळंच नाकारा असं मी म्हणत नाहीये.

कॉर्पस, म्हणजे अभ्यासासाठी गोळा केलेला भाषेच्या नमुन्यांचा साठा, म्हणाल तर आपल्याला लाज वाटायचं काही कारण नाही, भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा कॉर्पस कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाला, एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ मधल्या छापील मजकुरातून दहा लाख शब्दांचा, आणि जगात तो कोल्हापूर कॉर्पस म्हणूनच ओळखतात. किती मराठी मुलांना हे माहीत असतं? बोलली जाणारी इंग्रजी हवी असेल तर आयसीई (इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश) मालिकेतला भारताचा भाग बघा. प्राट (आवाज तपासायला), एलान (रेकॉर्डिंग उतरवायला), अँटकॉन्क (कॉर्पसमध्ये शोधायला) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, महागडं काही घ्यायला जाऊ नका.

शॉर्टकटबद्दल मी कडक आहे. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्शनवर डेटा तयार करू नका. ही सॉफ्टवेअर प्रमाण इंग्रजीवर जास्त शिकलेली असतात, बोलणारा काहीही म्हणाला तरी ती बऱ्याचदा 'सुधारून' टाकतात, म्हणजे नेमकं जे तुम्हाला शोधायचंय तेच पुसून टाकतात. आणि 'तुम्ही असं म्हणता का?' अशी गुगल फॉर्मवाली प्रश्नावली पण नको, ज्या रूपाला लोक अडाणी समजतात ते वापरतो असं कोण कबूल करेल? सिंगापूरमध्ये तर सरकारने २००० पासून चांगली इंग्रजी बोला म्हणून मोहीम चालवली, तिथे माणूस फॉर्मवर काय लिहिणार? रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन, आणि स्वतः कान देऊन लिहा. कंटाळा येतो, पाठ दुखते, पण कान तयार व्हायला दुसरा रस्ता नाही. ज्या गाईडने स्वतः कधी रेकॉर्डिंग उतरवलेलं नाही त्यांच्याकडे या विषयावर काम करायला जाऊ नका असं माझं मत, मग त्यांचं नाव कितीही मोठं असो. आणि संपर्कातली दुसरी भाषा थोडी तरी शिका. आयरिश येत नसताना आयरिश प्रभावावर लिहिणं म्हणजे ऐकीव माहितीवर साक्ष देणं.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका, खरंच. मराठी माणसाला या विषयात जन्मजात फायदा आहे, आपण संपर्कातच राहतो. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गम्परझ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये आला, मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी राहून राहून शब्द आपापले ठेवून वाक्यरचनेत कशा जवळ आल्या ते त्यात आहे, आणि हा अभ्यास जगभर शिकवतात. आपलं 'आम्ही' (ऐकणारा सोडून) आणि 'आपण' (ऐकणाऱ्यासकट) हा फरक द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असं सांगितलं जातं. तिथेही तोच प्रश्न विचारून बघा, गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' आहे त्याचं काय, संपर्क कुठे झाला, कधी झाला. घरच्या भाषेवर हा सराव झाला की डब्लिन काय आणि सिंगापूर काय, प्रश्न विचारायची सवय तीच.

नोकरीचं विचारणारे असतातच, तर थोडक्यात. नेटला भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, ती परीक्षा देऊन ठेवा. शिकवण्याच्या जागा कमी आहेत हे खरं आहे, खोटा दिलासा देत नाही. पण स्पीच डेटावर काम करणाऱ्या कंपन्यांना वेगवेगळ्या इंग्रजी कानाने ओळखणारी आणि नीट उतरवणारी माणसं लागतात, आणि तिथे तुमचं हाताने केलेलं ट्रान्सक्रिप्शनच कामाला येतं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. प्रत्येक वैशिष्ट्यासमोर चार रकाने ठेवा, हे अजून कुठे मिळतं, जुन्या इंग्रजीत किंवा बोलींत होतं का, कोण कुणाकडून कधी शिकलं, आणि स्थानिक भाषेतली रचना खरोखर तशीच वागते का की फक्त तशी दिसते. दोन रकाने रिकामे राहिले तर त्या वैशिष्ट्यावर प्रभावाचा दावा करू नका, 'शक्यता' लिहा आणि पुढच्यावर जा. परीक्षक 'शक्यता' वर नापास करत नाहीत. मार्क जातात ते पुरावा नसताना ठोकलेल्या दाव्यावर.